रामाचे नाव लाभलेला जबडा

आपल्या घरात रामाचे नाव कशास नाही? परसातल्या फळास रामफळ, गुणकारी औषधास रामबाण, आणि वाटेत कोणी भेटले की रामराम. परंतु शिवालिकच्या टेकड्यांत सापडलेल्या एका वानराच्या जबड्यासही हे नाव मिळाले होते व पुढे ते काढूनही घेण्यात आले, ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

१९३२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाचे तरुण संशोधक जी. एडवर्ड लुईस हे तेव्हाच्या बिलासपूर संस्थानात (हा मुलूख आज हिमाचल प्रदेशात मोडतो) हरितल्यांगर येथे जीवाश्म शोधीत होते. त्यांस वरच्या जबड्याच्या उजव्या बाजूचा एक तुकडा मिळाला. १९३४ साली त्यांनी त्याचे ‘रामापिथेकस’ असे बारसे केले; पिथेकस म्हणजे ग्रीक भाषेत वानर. ह्या गृहस्थांस आपल्या पुराणांची गोडी असावी, कारण त्यांनी ‘ब्रामापिथेकस’ आणि ‘सुग्रीवपिथेकस’ अशीही नावे ठेवली. ‘शिवापिथेकस’ हे नाव तर गाय पिलग्रिम ह्यांनी १९१० सालीच देऊन ठेवले होते.

आखूड मुखाचे हे वानर मनुष्याकडे झुकणारे आहे, असे लुईस ह्यांचे मत होते. अलेश हर्डलिच्का ह्या वजनदार पंडितांनी १९३५ साली ते खोडून काढले आणि जबडा पाव शतक कपाटात पडून राहिला. १९६१ साली एल्विन सायमन्स ह्यांनी तो पुन्हा हाती घेतला. पुढे डेव्हिड पिलबीम त्यांस मिळाले. सुळा लहान, दातांची कमान माणसासारखी बाहेर फाकत गेलेली. तेव्हा हाच आपला आद्य पूर्वज, असे दोघांनी प्रतिपादिले. त्यांच्या हिशेबाने मनुष्याची शाखा वानरांपासून निदान १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी फुटली होती. पाठ्यपुस्तकांतून हे मत लवकरच रूढ झाले.

आता ह्यातील मेख पाहा. जबड्याची एकच बाजू हाती होती व टाळूची मध्यरेषा शिल्लक नव्हती. फुटक्या बांगडीचा एक तुकडा हाती घेऊन मूळ बांगडी वाटोळी होती की लांबट, हे सांगण्यासारखाच तो प्रकार! तुकडा थोडा तिरपा धरला की माणसाची कमान होते, सरळ धरला की वानराची. शिवाय रामापिथेकसचे ओळखले गेलेले जबडे सारे वरचे, तर ब्रामापिथेकसचे सारे खालचे. एकाच प्राण्याच्या दोन जबड्यांस दोन नावे पडली होती, हे सायमन्स ह्यांनीच दाखवून दिले होते. जो इतके बारकाईने पाहू शकतो तोही कमानीपाशी फसावा, ह्याचे नवल वाटते.

खरा आघात निराळ्याच दिशेने आला. बर्कली येथील व्हिन्सेंट सारिच व ॲलन विल्सन ह्यांनी हाडांस हातही न लावता रक्त तपासले. माणसाच्या रक्तातील अल्ब्युमिन सशाला टोचले की सशाच्या शरीरात त्याविरुद्ध द्रव्य तयार होते. ते द्रव्य माणसाच्या अल्ब्युमिनशी सर्वांत जोराने, चिंपांझीच्या अल्ब्युमिनशी जवळजवळ तितक्याच जोराने, आणि दूरच्या माकडांच्या अल्ब्युमिनशी मंदपणे झगडते. हा फरक कालांतराने एकसारखा वाढत जातो असे धरून, माकडे व वानरे सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली ह्या आधारावर त्यांनी गणित मांडले. १९६७ साली उत्तर प्रसिद्ध झाले : माणूस व चिंपांझी ह्यांची फारकत अवघ्या ५० लाख वर्षांपूर्वीची! हे खरे मानले, तर त्याहून कितीतरी जुना रामापिथेकस मनुष्याचा पूर्वज ठरूच शकत नव्हता.

हाडे पारखण्यात आयुष्य घालविलेल्या मंडळींस हा उपमर्द वाटला, आणि ते स्वाभाविकच होते. दगडातून हाताने काढलेला पुरावा सशाच्या रक्तापुढे खोटा कसा ठरावा? बरीच वर्षे कोणीच माघार घेईना.

शेवटी निवाडा हाडानेच केला. पाकिस्तानातील पोटवार पठारावर खुद्द पिलबीम ह्यांच्याच पथकास शिवापिथेकसचा बराचसा अखंड चेहरा मिळाला. १९८२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. उभट नेत्रकोटरे, त्यांमधील अरुंद जागा आणि आत दबलेला चेहरा. ही सारी ठेवण बोर्निओ-सुमात्रातील ओरांगउटानची! शिवापिथेकस व रामापिथेकस ह्यांचे दात तर इतके सारखे की दोघांस वेगळे ठेवणे कठीण; लहान तो रामापिथेकस, बहुधा मादी, आणि थोर तो शिवापिथेकस, बहुधा नर. पिलबीम ह्यांनी आपले जुने मत जाहीरपणे सोडले. ज्या मतावर नाव मिळविले तेच चारचौघांत मोडणे किती जड जाते, हे ज्याच्या घरी वडीलधाऱ्यांचे वाद होतात त्यास निराळे सांगावयास नको.

प्राण्यांच्या नामकरणाचा नियम असा, की दोन नावे एकाचीच ठरली तर जुने ते राखावयाचे. त्यामुळे रामाचे नाव गेले, शिवाचे राहिले. परंतु शिवापिथेकसचा वाद तरी कुठे मिटला? १९९० साली पोटवारातील त्याच्या दंडाच्या दोन हाडांचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि ती ओरांगउटानच्या हाडांशी जुळेनात.