अडीचशे रुपयांतल्या सहा भेटी

दवाखान्यातून घरी आलेल्या नवजात बाळाला पाहायला गावातली ‘आशा’ स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, जाते, तेव्हा तिच्या पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ असते. आधी ती साबणाने हात धुते, बाळाला झोळीत ठेवून वजन घेते, अंग गार पडले आहे का ते बघते. मग छातीच्या हालचालीवर नजर ठेवून मिनिटभर श्वास मोजते. बाळ शांत असतानाही आकडा साठच्या घरात गेला, तर धोका ओळखून त्याला दवाखान्यात पाठवायचे. अशा भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी होतात. सहाही झाल्या की तिला 250 रुपये मिळावेत, असे 2011 मध्ये केंद्र सरकारने ठरवले. म्हणजे एका भेटीला जेमतेम 42 रुपये. रक्कम लहान आहे हे उघडच आहे, पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. हे पैसे भेटीचे आहेत. कोणते बाळ घरी ठेवायचे आणि कोणते रात्रीच हलवायचे, ही पारख तिच्यात येते कुठून आणि ती टिकवण्याचा खर्च कोण करतो? सार्वजनिक आरोग्याच्या निधीची चर्चा इथून सुरू व्हायला हवी. गावपातळीवर प्रशिक्षण आणि निधी हे दोन वेगळे विषय नाहीत. शिकवणे सतत चालू राहील अशा रीतीने पैसा आला तरच तो सत्कारणी लागतो.

याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले. गावाने निवडलेल्या, बहुधा शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बायका तिथे आरोग्यसेविका झाल्या. त्यांचे शिक्षण एका शिबिरात आटोपले नाही. त्या पुन्हा पुन्हा केंद्रावर येत, गावात काय घडले ते सांगत, अडलेले विचारत आणि नवे शिकून परत जात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने अक्षरओळख नसलेल्या सुईणींनाही श्वास मोजता यावेत म्हणून मणी आणि वाळूचे घड्याळ वापरले. पुढे 39 गावांत आरोग्यदूतांकरवी नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे 62 असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी 26च्या आसपास उतरला होता. या यशाचे श्रेय अनेकदा औषधांना आणि इंजेक्शनला दिले जाते. पण डॉक्टर दर पंधरा दिवसांनी गावात जाऊन आरोग्यदूताच्या नोंदी तपासत, चुका दाखवत आणि तिथल्या तिथे शिकवत, हा त्या प्रयोगाचा कणा होता.

उलट उदाहरणही आपल्याच देशातले आहे. 1977 मध्ये गावोगावी आरोग्यसेवक नेमण्याची योजना मोठ्या उत्साहात सुरू झाली. तीन महिने प्रशिक्षण आणि नंतर महिना 50 रुपये मानधन. निवडले गेले ते बहुतांशी पुरुष. एकदा शिकवून झाल्यावर त्यांच्याकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही आणि काही वर्षांत योजना कागदावर उरली. माणसेही होती, पैसाही होता. नव्हता तो पाठपुरावा.

आज पैसा कुठून येतो? पहिला झरा राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा. त्यातून गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला 10 हजारांपर्यंत अबंधित निधी देण्याची तरतूद आहे. अबंधित म्हणजे कशावर खर्च करायचा ते गावाने ठरवायचे. दुसरा झरा पंधराव्या वित्त आयोगाचा. स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यासाठी 2021 ते 2026 या काळात 70,051 कोटी रुपयांची शिफारस त्याने केली. तिसरा कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी. 2013च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. मात्र या पैशाचा ओढा इमारत, रुग्णवाहिका, यंत्र अशा फोटोत दिसणाऱ्या वस्तूंकडे असतो. शिवाय कंपनीचा ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांत गुंडाळावा लागतो, आणि पारख मुरायला तर तेवढाच काळ लागतो. परदेशी देणगीचीही वाट अरुंद झाली आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर मोठी संस्था असा निधी छोट्या संस्थेकडे वळवू शकत नाही. प्रशिक्षणाच्या संधी आहेत, पण त्या वरच्या पायरीवर. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, पुणे विद्यापीठ, तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र इथे पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि ‘सर्च’चा ‘निर्माण’ उपक्रम तरुणांना या कामाकडे वळवतो. पदवीधराला वर चढायला शिडी आहे. दहावी झालेल्या आशाताईला मात्र पुढची पायरी सहसा दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो ‘सरकारकडे पैसा कुठे आहे?’ हा. 2017च्या आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च 2025 पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता. तेव्हा हात आखडता आहे हे खरे, पण गडचिरोलीच्या प्रयोगात एका बाळामागचा खर्च त्या वेळच्या हिशेबाने सव्वापाच डॉलर होता. शिकवण्याचा खर्च आवाक्याबाहेरचा नाही, तो अंदाजपत्रकात शेवटच्या ओळीत ढकलला जातो इतकेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जामखेडच्या सेविका पगारी नव्हत्या, मग आशांना पगार दिला तर सेवाभाव आटेल, असे म्हटले जाते. पण जामखेडच्या सेविकेवर सरकारी नोंदवह्यांचे आणि सर्वेक्षणांचे ओझे नव्हते. आशांचे कामही मुळात दिवसाला दोन-तीन तासांचे कल्पिले होते. पुढे कामे वाढत गेली, करोनाकाळाने त्यात भर घातली आणि 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावे लागले. काम नोकरीचे घ्यायचे आणि दाम सेवेचे द्यायचे, याला सेवाभाव म्हणत नाहीत. कामागणिक मोबदल्यात आणखी एक दोष आहे. मोजता येते त्याचेच पैसे मिळतात. सासूला समजावण्यात गेलेली दुपार कुठल्याच रकान्यात बसत नाही.

तिसरा आक्षेप असा की एखाद्या संस्थेचे बेट देशभर पसरवता येत नाही. प्रत्यक्षात गडचिरोलीतली घरभेटींची कल्पना देशभर पसरली, म्हणजे पसरवणे शक्य होते. मागे राहिली ती पंधरवड्याची शिकवण. डॉक्टरच्या त्या फेरीच्या जागी आज सुमारे वीस आशांमागे एक गटप्रवर्तक असा निकष आहे, आणि तीही कायम नोकरीत नाही. वाढवायची गरज आहे ती नेमकी या मधल्या फळीची.

म्हणून देणगीदाराने, कंपनीने किंवा ग्रामसभेत बसलेल्या माणसाने किती पिशव्या वाटल्या, हे विचारून थांबू नये. दुसऱ्या वर्षी त्या बाईच्या शेजारी बसून श्वास पुन्हा कोणी मोजून दाखवला, हे विचारावे. समितीच्या 10 हजारांतून त्याची पूर्ण सोय होणार नाही, पण तो प्रश्न गावाच्या इतिवृत्तात नोंदवायला पैसे लागत नाहीत.