बल्ब घेताना वॅट नाही, ल्युमेन बघा!

जुना तारेचा पिवळा बल्ब आता दिवाणखान्यात दिसत नाही, पण मोरीत, जिन्यात, माळ्यावर हमखास सापडतो. मंडळी, आधी तो बदला! ६० वॅटचा बल्ब रोज ५ तास जळला की महिन्याला ९ युनिट जातात. साधारण तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दीड युनिटही खात नाही. जुन्या बल्बमधली टंगस्टनची तार तापून उजळते, त्यामुळे बहुतेक वीज उष्णतेतच जाते. एलईडीत निळा प्रकाश देणारी चिमुकली चिप असते. तिच्यावरच्या पिवळ्या फॉस्फरमुळे तो आपल्याला पांढरा दिसतो. या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि माझ्या मते अगदी योग्य कामाला मिळालं.

खोक्यावर ८०० च्या आसपास ल्युमेन असतील तर उजेड जुन्या ६० वॅटएवढा पडेल. झोपायच्या खोलीला २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर प्रकाश छान, ओट्यावर ६५०० चा पांढरा. बंद काचेच्या हंडीत मात्र साधा एलईडी नको, उष्णता कोंडून आतलं सर्किट लवकर जातं. आणि डिमर असेल तर ‘डिमेबल’ लिहिलेलाच मागा, साधा लुकलुकतो.