गडावर एकट्याने रात्र काढावयाची तर

परगावी निघालेल्या माणसाचे सामान बांधून देणे ही आपल्या घरांतून पूर्वापार चालत आलेली विद्या आहे. लग्नाला निघालेल्या मंडळींच्या ट्रंकेत काय असावे, यात्रेला निघालेल्या आजीच्या पिशवीत काय असावे, हे कोणतीही प्रौढ गृहिणी न विचारता सांगेल. परंतु गेल्या मार्गशीर्षात आमच्या पुतणीने, "काका, मी हरिश्चंद्रगडावर एकटीच एक रात्र राहणार आहे, सामान काय काय घेऊ?" असा प्रश्न केला, तेव्हा घरातील हे सारे शहाणपण क्षणभर मूक झाले. वहिनींनी सामानाचा विचार करण्यापूर्वी 'एकटीच' या शब्दालाच हरकत घेतली. "भावोजी, तुम्हीच आता तिला चार शब्द सांगा," असे म्हणून त्यांनी तो प्रश्न माझ्याकडे सोपवला.

ही हरकत मला मुळीच हास्यास्पद वाटली नाही. त्याचे कारण माझ्याच तरुणपणात आहे. पंचविशीत असताना मीही याच गडावर एकटा गेलो होतो. निघताना घरी एवढेच सांगितले होते, की "गडावर जातो, उद्या येतो." कोणता गड, कोणती वाट, हे सांगण्याची मला गरज वाटली नाही. उतरताना तोलार खिंडीच्या अलीकडे पाय मुरगळला व खिरेश्वरच्या एका सज्जनाच्या पडवीत मला दोन दिवस पडून राहावे लागले. इकडे माझे थोरले बंधू मला शोधावयास राजगडावर गेले होते! कारण मागील खेपेस मी तेथे गेलो होतो, एवढाच त्यांच्यापाशी पुरावा. मी परतलो तेव्हा आई दारातच बसलेली होती. ती मला एक शब्दही बोलली नाही, आणि ते न बोलणे मला अद्याप आठवते.

म्हणून पुतणीला मी प्रथम एक कागद व पेन घ्यावयास सांगितले. प्रवासाच्या तयारीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू बरोबर न्यावयाची नसून घरी ठेवावयाची असते. त्या कागदावर पुढील मजकूर हवा: कोणत्या गावातून व कोणत्या वाटेने चढणार, रात्री नेमके कोठे राहणार, कोणत्या वाटेने उतरणार, पायथ्याच्या गावात कोणाशी बोलणे झाले आहे, आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास घरच्यांनी हालचाल सुरू करावी. ही अखेरची वेळ लिहिणे लोक टाळतात. पण तिच्यामुळेच घरच्यांना त्या वेळेपर्यंत निर्धास्त बसता येते, व ती टळल्यावर ११२ हा क्रमांक फिरवताना संकोच वाटत नाही. एकदा लिहिलेला बेत वाटेत लहरीखातर बदलावयाचा नाही, ही त्यातील मुख्य अट.

स्थळाविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. पहिली एकटी रात्र अनोळखी जागी काढू नये. पुतणी या गडावर दोनदा मैत्रिणींसह जाऊन आली होती, म्हणूनच मी तिचा पक्ष घेतला. पाचनईची वाट त्यातल्या त्यात सुलभ, व सुट्टीच्या दिवशी तेथील ग्रामस्थ वर जेवणाची सोयही करतात. त्यांच्या खोपटापासून हाकेच्या अंतरावर तंबू लावला, तर एकटेपणाला बाध येत नाही व आधारही राहतो. गड अभयारण्यात असल्यामुळे मुक्काम कोठे चालेल, तंबूला परवानगी आहे की नाही, हे निघण्यापूर्वी वनखात्याकडे विचारून घ्यावे. कोकणकड्याच्या अगदी जवळ मात्र तंबू कदापि नसावा. झोपेतून उठलेल्या माणसाला अंधारात दिशेचे भान राहत नाही.

दुसऱ्या दिवशी पुतणीने न्यावयाच्या सर्व वस्तू पलंगावर मांडल्या. तराजूवर त्यांचे वजन साडेतेरा किलो भरले. पाठीवरील ओझे स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्या हिशेबाने तिच्या वाट्याला दहा किलोच येतात. ढिगारा नीट पाहिला तेव्हा ध्यानात आले, की त्यातील निम्म्या वस्तू गरजेपोटी नव्हे, तर भयापोटी आल्या आहेत. तीन टॉर्च, चार जोड कपडे, दोन सुऱ्या, औषधांचे अर्धे दुकान! आणि जी वस्तू खरोखर हवी ती जमिनीवर अंथरावयाची जाड चटई 'जड होते' म्हणून वगळलेली होती.

थंडीविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे. ती वरून येते, असे आपण धरून चालतो व पांघरुणावर पांघरूण घेतो. वस्तुतः अंगातील ऊब प्रथम खालची जमीन शोषून घेते. अंगाखाली चांगली चटई असेल तर एक स्लीपिंग बॅग पुरते, नसेल तर घरातील सारी घोंगडी नेली तरी पहाटे हुडहुडी भरते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, गड १४०० मीटरांहून अधिक. दर हजार मीटरांस तापमान साधारणतः साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे पुण्यात पहाटे १२ अंश असतील तर वर सहा-सात अंशांची तयारी हवी, आणि वारा निराळाच. चढताना घामाने भिजलेला सदरा वर पोचताच बदलावा. झोपावयाचे कोरडे कपडे व लोकरीचे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे बांधावेत, व कितीही मोह झाला तरी रात्रीपूर्वी ते उघडू नयेत. तंबूची हवा येण्याची झडप बंद करू नये. नाहीतर आपल्याच श्वासाचे दंव पहाटे अंगावर टपकते.

पाणी तीन लिटर, म्हणजेच तीन किलो. यात काटकसर नाही. गडावरील टाक्यांचे पाणी घ्यावयाचे झाल्यास ते उकळून किंवा क्लोरीनचे थेंब टाकून प्यावे. अन्नाच्या बाबतीत मात्र नव्या दुकानांहून आपले जुने स्वयंपाकघर अधिक जाणते आहे. जंगलात जाळ करावयाचा नाही, तेव्हा चुलीवाचून भागेल असेच पदार्थ हवेत. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, तिळाची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, आणि सातूचे पीठ. हे पीठ गूळ व पाण्यात कालवले की न्याहारी झाली. वहिनींचा विरोध मावळू लागला तो येथे. दोन माणसांना पुरतील इतक्या दशम्या त्यांनी बांधल्या व त्यांतील निम्म्या मला गुपचूप काढाव्या लागल्या. डबा घट्ट झाकणाचा हवा. गडावरील वानरे पिशवी सहज फाडतात.

टॉर्च कपाळाला बांधावयाचा घ्यावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात, व त्याचे जादा सेल घ्यावेत. मोबाइल विमानाच्या स्थितीत ठेवावा. नाहीतर रेंज शोधता शोधताच तो मरतो. रात्री तो पांघरुणात घ्यावा, कारण थंडीने बॅटरी लवकर उतरते. एक शिट्टी गळ्यात असावी. हाका मारून घसा बसतो, शिट्टी बसत नाही.

विषारी प्राण्यांचे भय सर्वांनाच असते. मण्यार ही रात्री हिंडते व जमिनीवर झोपलेल्यांना डसते, म्हणून तळ शिवलेला व साखळी पूर्ण बंद होणारा तंबूच घ्यावा. पहाटे बूट झटकल्याशिवाय पाय घालू नये. दंश झालाच तर चिरणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता तो अवयव स्थिर ठेवून माणसाला रुग्णालयात पोचवावे. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध किती गुणकारी ठरते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिल्याला आता कित्येक वर्षे लोटली. कड्यांवरील आग्या मधमाश्या मात्र लोक विसरतात. सबब अत्तर लावू नये, धूर करू नये.

एकटेपणाची खरी अडचण फारच साधी असते. तंबूचे दुसरे टोक धरावयास कोणी नसते. म्हणून निघण्यापूर्वी दोन रात्री पुतणीला मी सोसायटीच्या अंगणात दिवे मालवून तंबू उभारावयास लावले. पहिल्या रात्री पाऊण तास लागला, दुसऱ्या रात्री चौदा मिनिटे. शेजाऱ्यांची बरीच करमणूक झाली. सामान पुन्हा तोलले तेव्हा पाण्यासह साडेनऊ किलो भरले.

शनिवारी पहाटे ती निघाली. कागद देवघराशेजारच्या भिंतीवर चिकटवलेला होता. त्यावर 'रविवार, सायंकाळी ६' अशी अखेरची वेळ होती. शनिवारी रात्री फोन आला नाही, येणारही नव्हता. वहिनींनी तो कागद किती वेळा वाचला कोण जाणे, पण मला एकदाही काही विचारले नाही. रविवारी चार वाजून वीस मिनिटांनी पाचनईहून परतताना रेंज मिळताच तिचा फोन आला. वहिनींनी पहिला प्रश्न केला तो दशम्या पुरल्या का, हा.