चित्र झाकलं, आता वाच बरं!

हातातलं काम चालू राहू द्या. भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल. आज आपण पत्त्यांविषयी बोलणार आहोत. पारावर बसून कुटतात त्या पत्त्यांविषयी नाही, तर पोरांना घरच्या घरी वाचायला शिकवणाऱ्या पत्त्यांविषयी. एका पत्त्यावर चित्र, दुसऱ्यावर त्याचा शब्द आणि पोरानं जोडी लावायची, एवढा साधा खेळ आहे. पण साधा असूनही आमच्या गटाचा तो पहिल्यांदा फसला. म्हणून आधी तेच सांगतो.

उमेदच्या दशसूत्रीत शिक्षण हे एक सूत्र आहे. बैठकीत आपण ते म्हणतो आणि कर्जाच्या हिशेबाकडे वळतो. मागच्या वर्षी ठरवलं की यंदा काही तरी करायचं. चाळीस कार्डं केली. वर चित्र, खाली शब्द. महिन्याभरात एक पहिलीतली पोरगी सगळी कार्डं धडाधड म्हणायला लागली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग पातेल्याचं कार्ड आलं. खाली ठळक अक्षरात ‘पातेलं’ लिहिलेलं, आणि पोरगी म्हणाली, “भगुनं!” पोरीचं चुकलं नव्हतं, घरात आपण भगुनंच म्हणतो. पण ती शब्द वाचतच नव्हती, चित्र बघून बोलत होती. आम्ही चित्रावर हात ठेवला, तर ती गप्प. एका कार्डाचं चित्र झाकूनही तिनं बरोबर ओळखलं, तेव्हा पुन्हा आशा वाटली. नीट पाहिलं तर त्या कार्डाच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग होता. पोरीनं डाग ओळखला होता!

तेव्हापासून आम्ही एक गोष्ट पक्की धरली. चित्र म्हणजे शिडी. माळ्यावर चढायला शिडी लागते, पण चढून झाल्यावर शिडीवरच बसून राहायचं नसतं. चित्र लावायचं आणि वेळ आली की काढून घ्यायचं. हे दुसरं काम विसरलं की पोर पाठ म्हणतं, पण वाचत नाही.

आता कार्डं कशी करायची ते बघू. विकत काही आणू नका. जुन्या लग्नपत्रिका, चहापत्तीचे आणि साबणाचे खोके घ्या. वीतभर लांब आणि चार बोटं रुंद पट्ट्या कापा. डाव्या अर्ध्या भागात चित्र, उजव्या अर्ध्यात शब्द. चित्र येत नसेल तर जुन्या पुस्तकातलं किंवा पेपरातलं चिकटवा. अक्षर काळ्या स्केचपेननं, दोन बोटं उंच. शब्द गटातल्या लिहित्या बाईनं किंवा सातवी-आठवीतल्या पोरीनं लिहावा आणि अंगणवाडीताईंना नाही तर गुरुजींना एकदा दाखवून घ्यावा. चुकीचं लिहिलेलं कार्ड पोराच्या डोक्यातून पुसणं अवघड जातं.

शब्द कुठले घ्यायचे? पहिल्यांदा काना, मात्रा, वेलांटी नसलेले, आणि घरात, शेतात दिसणारे. आम्ही सहा घेतले: घर, नळ, दगड, गवत, सरपण, बटण. या सहा शब्दांत चौदा अक्षरं येतात, आणि त्यांचा पुढे मोठा उपयोग होतो. शब्द लिहिण्याआधी चित्र पोराला दाखवा आणि विचारा, हे काय? बसचं चित्र बघून आपली पोरं ‘एसटी’ म्हणतात. पोराच्या तोंडचा शब्द आणि कार्डावरचा शब्द एक नसेल तर ते चित्र बाजूला ठेवा. आणि एका वेळी सहाच. चाळीस कार्डं एकदम मांडली की पोर दोन दिवस खेळतं आणि तिसऱ्या दिवशी पळून जातं.

आता खेळ. पहिले तीन-चार दिवस अख्खी पट्टी दाखवा. शब्दाखालून बोट फिरवत सावकाश म्हणा, द-ग-ड, दगड. दगड हातात द्या, नळाजवळ न्या.

मग पट्टी मधोमध कापा, पण सरळ नाही, नागमोडी. प्रत्येक पट्टीचा काप वेगळा ठेवा. चित्राला त्याचाच शब्द जुळेल, दुसरा बसणार नाही. ज्या आयांना अक्षर ओळखता येत नाही त्यांच्यासाठी ही युक्ती फार मोलाची आहे. चूक की बरोबर हे कापच सांगतो.

पण इथंही फसायला होतं. आठ दिवसांत पोरं शब्द न बघता काप जुळवायला लागतात. तसं दिसलं की नवी कार्डं करा, या वेळी सरळ कापलेली. जोडीतल्या दोन्ही कार्डांच्या मागे एकसारखी खूण काढा. एका जोडीमागे सूर्य, दुसरीमागे तुळस, तिसरीमागे विळा. पोरानं जोडी लावली की दोन्ही कार्डं उलटायची. खुणा जुळल्या तर बरोबर. हे बघायला आईला वाचता यावं लागत नाही.

जोड्या चुकायच्या थांबल्या की चित्रं डब्यात ठेवा. आता नुसता शब्द दाखवा आणि म्हणा, जा, याला हात लावून ये. पोर गवताकडे धावलं, की समजा शब्द वाचला. इथं एक गाळणी लावा. ‘नळ’च्या जोडीला ‘नथ’ मांडा. दोन्हींचं पहिलं अक्षर एकच. काही पोरं पहिलं अक्षर बघून अंदाजानं ठोकून देतात, ती इथं अडखळतात. अडखळलं तर रागावू नका. दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवा आणि थांबा.

शेवटची पायरी आम्हाला सगळ्यांत आवडते. शब्दाचं कार्ड कात्रीनं कापून अक्षरं सुटी करा. मग नवे शब्द जुळवा. त्या चौदा अक्षरांतून रस होतो, सण होतो, वड होतो, परत होतो, आणि वरणसुद्धा होतं. या शब्दांचं चित्र पोरानं कधी पाहिलेलं नाही. तरी त्यानं ‘वरण’ वाचलं, तर ते खरं वाचन. मग काना घ्या: तवा, परात, पाट, चाक. पुढे वेलांटी आणि उकार: तीळ, विळा, मूग, तूर. ज्वारीसारखी जोडाक्षरं सगळ्यांत शेवटी.

रोज दहा मिनिटं पुरे. पोर कंटाळायच्या आत डाव मोडायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तेच कार्डं घेऊन येतं. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना अक्षरांची घाई करू नका. त्यांना दोन सारखी चित्रं जुळवू द्या, त्यांच्या गोष्टी सांगू द्या.

हे खूळ काही आमचंच नाही. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या आणि १९५७ साली अनुताई वाघांसोबत कोसबाडच्या टेकडीवर. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नाहीत, हे त्यांना कळत होतं. त्यांनी दगड, शिंपले, पानं, बिया घेऊन आदिवासी लेकरांना शिकवलं. पोरं शाळेत येत नसतील तर शाळाच पोरांच्या अंगणात नेली. आपली लग्नपत्रिकेची कार्डं त्याच वाटेवरची आहेत. अलीकडे शासनानंही आयांना हाताशी धरलं आहे. २०२२ पासून पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात आणि त्यांतून वस्तीवस्तीवर माता पालक गट बनतात. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं म्हणणं आहे की २०२६-२७ पर्यंत तिसरीतल्या प्रत्येक पोराला समजून वाचता आलं पाहिजे. ते एकट्या शाळेकडून होणारं काम नाही.

आणि आपल्या धाराशिवात आणखी एक अडचण आहे. भूम, परंडा, वाशी, कळंब भागांतून कितीतरी जोड्या ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टर वस्तीवर येतो आणि आईबापांबरोबर पोरंही चढतात. परततात तोवर उन्हाळा लागलेला असतो. जूनमध्ये ओळखलेली अक्षरं कोपीतल्या धुरात विरून जातात आणि पोर वर्गात मागच्या ओळीला जातं. तिथून ते पुढं येणं फार कठीण. आजी घरी असेल किंवा हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर पोराला मागे ठेवणंच बरं. न्यावंच लागलं तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे जिथं जाल तिथल्या शाळेत बसवता येईल. आणि पिशवीत मिठामिरचीच्या पुड्यांबरोबर ही कार्डांची पुडीही टाका. पहाटे कोयता घेऊन फडात जाणाऱ्या बाईला दहा मिनिटं काढ म्हणणं सोपं नाही, हे आम्हाला कळतं. पण मोठी बहीण धाकट्याला खेळवतेच, तिच्या हाती पुडी द्या.

आमच्या गटातल्या एक मावशी नातवाबरोबर रोज बसायच्या. मागच्या खुणा बघून बरोबर-चूक सांगायच्या. दोन-तीन महिन्यांनी एका बैठकीत त्यांनी ठरावाच्या वहीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “हे घर हाय का?” ठराव घरकुलाचा होता. पहिली दोन अक्षरं त्यांनी बरोबर वाचली होती. आजवर त्या वहीवर अंगठाच उठवत आल्या होत्या. आता सहीचा सराव चालू आहे. पंधरा वर्षांवरच्यांसाठी शासनाचा उल्लास कार्यक्रम आहे, त्यात त्यांचं नाव घालायचं आम्ही ठरवलं आहे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं दोन जुन्या लग्नपत्रिका आणि एक कात्री आणायची. बचतीचा हिशेब झाला की तासभर बसू आणि सहा-सहा जोड्या करून घरी नेऊ. पण एक विसरू नका. पोर पटापटा म्हणायला लागलं की टाळी लगेच वाजवू नका. आधी चित्रावर हात ठेवा आणि म्हणा, आता वाच बरं!