जुन्या मोटारीचे ब्रेक

शाहपूरहून बऱ्हाणपूर वा इच्छापूरकडे जाताना केळीच्या मालमोटारींमागे एखादी जुनी मारुती ८०० अद्यापही दृष्टीस पडते. या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. साहजिकच तिचे मालक ब्रेकच्या भागांसाठी जुन्या बाजाराची वाट धरतात.

तेथील सर्वच माल त्याज्य नव्हे. मागील चाकांचे ड्रम व पुढील डिस्क ओतीव लोखंडाच्या असतात. ड्रमचा कमाल व्यास व डिस्कची किमान जाडी पुष्कळदा त्यांवरच उमटविलेली असते. विक्रेत्याच्या शब्दावर न विसंबता ती व्हर्निअरने मोजावी. मर्यादा ओलांडलेली नसेल, तडा नसेल, तर माल खुशाल घ्यावा. आपला जुना भाग मात्र नमुन्यादाखल सोबत न्यावा.

रबराचे तसे नाही! सिलिंडरमधील रबरे व ब्रेकच्या नळ्या बाहेरून धडधाकट दिसल्या तरी आतून फुगलेल्या वा चिरलेल्या असू शकतात, आणि ऐन उतारावर पेडल तळाला जाते. येथे काटकसर करणे म्हणजे मागे बसलेल्या मुलाबाळांचा जीव टांगणीला लावणे होय. ही रबरे, तसेच लायनर व पॅड, नवीनच घ्यावेत. लायनर व पॅड दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलावेत, अन्यथा ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते.

जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधील धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी.