पीव्हीसी पाइपाची घडण आणि पारख

जळगाव शहराच्या औद्योगिक ओळखीत प्लास्टिकच्या चटयांबरोबर पीव्हीसी पाइपांचा वाटा मोठा आहे. भवरलाल जैन यांच्या उद्योगाने १९८० मध्ये पाइपांचे उत्पादन सुरू केले आणि पुढे ठिबक सिंचनाच्या जोडीने विहिरीचे पाणी केळीच्या बुंध्यापर्यंत नेणारी व्यवस्था खानदेशात रुजली. या व्यवस्थेचा बराच भाग जमिनीत पुरलेला असल्याने पाइपातला दोष शेतकऱ्याला कळतो तो पाइप फुटल्यावरच, आणि म्हणून त्याची पारख कारखान्यातच होणे अगत्याचे ठरते.

पीव्हीसी रेझिन ही पिठासारखी पांढरी भुकटी असते. ती नुसती तापवली तर नीट वितळण्याआधीच तिचे विघटन सुरू होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. म्हणून उष्णतेपासून तिला जपणारा स्टॅबिलायझर, घर्षण कमी करणारे मेण आणि भरणद्रव्य म्हणून कॅल्शियम कार्बोनेट घालून हे सारे हॉट मिक्सरमध्ये सुमारे १२० अंश सेल्सियसपर्यंत घुसळले जाते व नंतर निववले जाते. पूर्वी स्टॅबिलायझर म्हणून शिशाची संयुगे सर्रास वापरली जात; परंतु अशा पाइपांतून पिण्याचे पाणीही वाहत असल्याने ती हटवण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले.

तयार मिश्रण एक्स्ट्रूडरमध्ये जाते, जिथे तापलेल्या बॅरलमध्ये फिरणारे दोन स्क्रू ते दाबत, मळत आणि वितळवत पुढच्या साच्याकडे, म्हणजे डायकडे, ढकलतात. पाइपाची पोकळी घडवणारा डायमधला गाभा अधांतरी राहू शकत नसल्याने त्याला स्पायडर नावाच्या आडव्या पायांचा आधार द्यावा लागतो. वितळलेला माल या पायांपाशी दुभंगतो आणि त्यांना ओलांडल्यावर पुन्हा एकजीव होतो. उष्णता किंवा दाब कमी पडला, तर हा सांधा कच्चा राहतो आणि वरून अखंड, गुळगुळीत दिसणारा पाइप पुढे पाण्याच्या दाबाखाली त्याच रेषेवर लांबीत चिरतो. डायमधून निघालेला मऊ पाइप निर्वात टाकीत साच्याच्या भिंतीला खेचला जाऊन पाण्याने थंड होतो, तर पुढचे ओढयंत्र त्याला सतत बाहेर घेत असते. ओढीचा वेग वाढला की भिंत पातळ होते, आणि गोठताना आलेला ताण पाइपाच्या अंगात अडकून राहतो.

आयएस ४९८५ या भारतीय मानकातील चाचण्या याच छुप्या दोषांचा माग काढतात. व्यास आणि जाडी मोजण्यापलीकडे, खुणा केलेला तुकडा १५० अंश सेल्सियसला तापवून त्याची लांबी ५ टक्क्यांहून अधिक बदलत नाही ना, हे पाहिले जाते, कारण अडकलेला ताण उष्णतेने मोकळा होताच पाइप आखडतो. शून्य अंशाला निववलेल्या तुकड्यांवर ठरावीक वजन पाडून ठिसूळपणा जोखला जातो, दोन्ही टोके बंद करून आत पाण्याचा दाब चढवला जातो, आणि नमुना जाळून उरलेल्या राखेवरून भरणद्रव्य प्रमाणाबाहेर घातले आहे का, हे ठरते. ही शेवटची चाचणी विशेष मोलाची आहे, कारण कॅल्शियम कार्बोनेट रेझिनपेक्षा स्वस्त असते आणि ते वाढवण्याचा मोह उत्पादकाला होऊ शकतो, पण त्याने पाइप जड आणि ठिसूळ होतो. वजनदार पाइप तो मजबूत, हा समज अशा वेळी ग्राहकाला फसवतो.

म्हणूनच पाइपावर छापलेले मानकचिन्ह, व्यास, दाबाचा वर्ग आणि बॅच क्रमांक खरेदीपूर्वी वाचणे आवश्यक आहे. ऐन उन्हाळ्यात उभ्या केळीतला चर पुन्हा खणावा लागला, तर खरेदीत वाचलेल्या पैशांहून कितीतरी मोठे नुकसान पाण्याच्या एका पाळीत होते, आणि ते टाळण्याची शेवटची संधी चर बुजवण्यापूर्वीचीच असते.