बॉनेटखालचे बीड : जॅग्वारच्या स्पोर्ट्‌स कारची पाऊणशे वर्षे

14 नोव्हेंबर 1940 च्या एका रात्रीत जर्मन विमानांनी कॉव्हेन्ट्री शहराचा मध्यभाग जाळून टाकला. इंग्लंडमधले हे मोटारींचे शहर. युद्धाच्या त्या वर्षांत कारखान्यांच्या छपरांवर आगीवर नजर ठेवायला रात्रीचा पहारा बसू लागला. पुढे जॅग्वार झालेल्या एसएस कार्स या कंपनीचे मालक विल्यम लायन्स यांनी आपल्या पाळीला मुद्दाम तीन माणसे मागून घेतली : मुख्य अभियंता विल्यम हेन्स, आणि वॉल्टर हॅसन व क्लॉड बेली हे इंजिनांचे जाणकार. पहारा देता देता विषय एकच, युद्ध संपल्यावर कोणते इंजिन करायचे. त्या रात्रींमध्ये ज्याची मांडणी झाली, ते एक्सके इंजिन 1948 साली लोकांसमोर आले आणि 1992 पर्यंत तयार होत राहिले. मोटारीच्या इंजिनाला एवढे आयुष्य क्वचितच लाभते.

जॅग्वारच्या स्पोर्ट्‌स कारवर लिहिणारे बहुतेक जण तिच्या रूपावर लिहितात. लांबलचक बॉनेट, मागे झुकलेली काच, मांजरीसारखी बसकण. रूप खरेच देखणे आहे, त्यात वाद नाही. पण ही गाडी पाऊणशे वर्षे का टिकली आणि मधल्या काळात का धडपडली, हे समजायला तिचे बॉनेट उघडावे लागते आणि आतले ओतकाम पाहावे लागते. ही नजर कोल्हापूरकराला शिकवावी लागत नाही. तलाव आणि कारागृहामुळे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक असलेल्या कळंब्याच्या रस्त्यावर शासकीय आयटीआय आहे. तिथे टर्नर, मशिनिस्ट, मोटार मेकॅनिक झालेली पोरे गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल-हातकणंगलेच्या एमआयडीसीत कामाला लागतात. जिल्ह्यात सुमारे तीनशे फौंड्र्या आहेत. ब्लॉक, हेड, हाउसिंग, ब्रेक ड्रम ही नावे इथे चहाच्या टपरीवरही निघतात. मेनन पिस्टन्स, घाटगे पाटील इंडस्ट्रीज ही इथलीच घराणी. आणि 2 जून 2008 पासून जॅग्वारची मालकी टाटा समूहाकडे, म्हणजे मुंबईच्या बॉम्बे हाउसकडे आहे. तेव्हा या गाडीची कथा फौंड्रीच्या दारातून सांगण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

सुरुवात बिडापासून. एक्सकेचा ब्लॉक बिडाचा होता आणि हेड ॲल्युमिनियमचे. सरळ रेषेत सहा सिलिंडर, 3442 सीसी, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, सात मेन बेअरिंग आणि 160 अश्वशक्ती. तेव्हा दोन कॅमशाफ्टची रचना शर्यतीच्या आणि फार महागड्या गाड्यांतच दिसे. लायन्स यांना ती रोजच्या उत्पादनात हवी होती. हेडच्या आतला कप्पा अर्धगोल ठेवला, त्यामुळे व्हॉल्व्ह तिरके आणि मोठे बसवता आले. हवा-पेट्रोलच्या मिश्रणाच्या वाटा हॅरी वेस्लेक या तज्ज्ञाने घडवल्या. ज्याने साच्यात वाळूचा कोअर बसवला आहे, त्याला यातली अडचण लगेच दिसेल. सिलिंडरभोवती पाण्याची वाट, शेजारी तेलाची, वर व्हॉल्व्हच्या वळणदार वाटा, आणि या साऱ्यांच्या मधली भिंत काही मिलिमीटरची. कोअर जरा सरकला की कास्टिंग भंगारात जाते.

ऑक्टोबर 1948 मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात हे इंजिन एक्सके 120 या गाडीत बसून आले. 120 म्हणजे ताशी मैल, आपल्या हिशोबाने 193 किलोमीटर. आकडा अनेकांना पटेना, म्हणून मे 1949 मध्ये बेल्जियममधल्या याबेके इथल्या सरळ रस्त्यावर गाडी पळवली गेली आणि तिने 132 मैलांचा वेग गाठून दाखवला. पहिल्या दोनशेच्या वर गाड्यांचे अंग लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून केले होते. मागणी इतकी आली की 1950 पासून पोलादी पत्र्याचे साचे करावे लागले. पुढे 1954 ला एक्सके 140 आणि 1957 ला एक्सके 150 या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

दरम्यान हेच इंजिन ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरले होते. सी-टाइपने 1951 आणि 1953 ची शर्यत मारली. 1953 च्या गाडीला डनलॉपचे डिस्क ब्रेक होते, आणि त्या विजयानंतर जगाने डिस्क ब्रेककडे गंभीरपणे पाहिले. डी-टाइप 1955, 1956, 1957 अशी सलग तीन वर्षे जिंकली. या दोन्ही गाड्यांचा आकार माल्कम सेयर यांचा. ते विमानाच्या कारखान्यातून आलेले. हवेचा अडथळा गणिताने मोजून ते रेषा काढत.

सेयर यांची ती रेषा रस्त्यावर आली मार्च 1961 मध्ये, जिनिव्हात, ई-टाइपच्या रूपाने. प्रदर्शनाबाहेर गाडीत बसून पाहायला एवढी झुंबड उडाली की लायन्स यांनी कॉव्हेन्ट्रीला फोन करून दुसरी गाडी मागवली. कंपनीचे चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस ती रात्रभर चालवत सकाळी जिनिव्हात पोहोचले. एक्सके इंजिन आता 3781 सीसीचे आणि 265 अश्वशक्तीचे झाले होते. मधला भाग पत्र्याच्या डब्यासारखा एकसंध, पुढे नळ्यांची चौकट, मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, चारही चाकांना डिस्क ब्रेक. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 1996 मध्ये ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली.

यानंतर गाडी जड होत गेली. 1964 ला इंजिन 4.2 लिटरचे केले. अमेरिकेचे सुरक्षा आणि धुराचे नियम आले, हेडलाइटवरच्या काचा गेल्या, अश्वशक्ती घटली. 1971 मध्ये बारा सिलिंडरचे 5.3 लिटरचे इंजिन बसवले. त्याचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, वरून उघडा, आणि आत बिडाचे लायनर. कधीतरी डाय-कास्टिंग करता यावे म्हणून ही उघडी रचना. हेड सपाट होते आणि जळण्याची जागा पिस्टनच्या माथ्यावर खोबणीत दिली होती. अप्रतिम शांत इंजिन, पण पेट्रोल भयंकर पिणारे. 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव भडकले आणि पुढच्याच वर्षी ई-टाइपचे उत्पादन थांबले. चौदा वर्षांत सुमारे 72,500 गाड्या निघाल्या.

1975 च्या एक्सजे-एसला लोकांनी नाके मुरडली. जॅग्वार तेव्हा ब्रिटिश लेलँडच्या सरकारी कारभारात अडकली होती, दर्जा घसरला होता. मला मात्र ही गाडी अभ्यासण्याजोगी वाटते, कारण ती एका हेडमुळे तगली. मायकेल मे या स्विस अभियंत्याने जळण्याची जागा पिस्टनमधून काढून पुन्हा हेडमध्ये नेली आणि मिश्रण घोळवून ते पेट्रोल कमी असतानाही नीट पेटेल अशी तिची घडण केली. 1981 पासून हे हेड बसले, पेट्रोलचा खप घटला आणि बंद पडेल असे वाटणारी गाडी 1996 पर्यंत विकली गेली. ब्लॉक तोच. हेड आणि पिस्टनची नक्षी तेवढी बदलली, आणि एक मॉडेल वाचले.

फोर्डने 1989 मध्ये कंपनी घेतली. 1996 च्या एक्सके 8 ला नवे कोरे आठ सिलिंडरचे ॲल्युमिनियमचे इंजिन मिळाले. इथे लायनरच काढून टाकले होते. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा थर चढवला की झाले, असा हिशोब. पण पेट्रोलमधल्या गंधकाने तो थर खराब होऊ लागला, आणि काही वर्षांत कंपनी बिडाच्या लायनरवर परत आली. कोल्हापूरच्या लायनरवाल्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. 2006 च्या एक्सकेचे अंग रिव्हेट आणि गोंदाने जोडलेल्या ॲल्युमिनियमचे होते. डिझायनर होते इयान कॅलम.

मग 2008. रतन टाटांनी जॅग्वार आणि लँड रोव्हर 2.3 अब्ज डॉलरना घेतल्या आणि काही महिन्यांतच जगाची बाजारपेठ कोसळली. 2008-09 मध्ये टाटा मोटर्सला एकत्रित सुमारे अडीच हजार कोटींचा तोटा झाला. विकून मोकळे व्हा, असा सल्ला देणारे खूप होते. टाटांनी पैसा नव्या गाड्यांत घातला. या घराण्यात हे धोरण जुने आहे. सुमंत मुळगावकरांनी साठच्या दशकात पुण्यात टेल्कोचा, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सचा, कारखाना उभा करताना आधी टूलरूम आणि प्रशिक्षण उभारले, ट्रक नंतर. आधी कारागीर, मग माल, हा तो विचार.

एफ-टाइप 2012 मध्ये पॅरिसला दिसली आणि जुलै 2013 मध्ये भारतात आली. ई-टाइप बंद झाल्यापासून जॅग्वारकडे नियमित उत्पादनातली दोन आसनांची निखळ स्पोर्ट्‌स कार नव्हती, ती या गाडीने दिली. तिचे सहा सिलिंडरचे इंजिन आठ सिलिंडरच्या ब्लॉकच्याच लांबीत बसवले होते. नवा साचा आणि नवी मशीनिंग लाइन यांचा खर्च वाचवण्याचा हा व्यवहारी मार्ग होता. 2017 मध्ये चार सिलिंडरचे दोन लिटरचे इंजिनही आले. जून 2024 मध्ये शेवटची एफ-टाइप तयार झाली, आठ सिलिंडरची. त्याच वर्षी 9 ऑक्टोबरला रतन टाटा गेले. डिसेंबरमध्ये मायामीत जॅग्वारने टाइप 00 दाखवली. ती विजेवर चालणारी आहे.

त्या गाडीत ब्लॉक नाही, हेड नाही, पिस्टन नाही, लायनर नाही. ज्या मालकाने हा निर्णय घेतला, त्याचीच ट्रक आणि मोटारींची बाजारपेठ आपल्या देशात मोठी आहे. ट्रक-ट्रॅक्टरची इंजिने आणखी बरीच वर्षे चालतील, म्हणून इथल्या भट्ट्या उद्या विझणार नाहीत. पण प्रवासी गाड्यांचे वारे कुठून वाहते आहे ते स्पष्ट आहे. ब्रेक डिस्क बिडाचीच राहील. विजेच्या मोटरचे हाउसिंग, गिअरची पेटी, सस्पेन्शनचे नकल हे ॲल्युमिनियमकडे चालले आहे, आणि त्यासाठी प्रेशर डाय-कास्टिंगची यंत्रे, एक्स-रे तपासणी आणि वेगळे प्रशिक्षण लागते. हा खर्च एकट्या छोट्या फौंड्रीवाल्याला झेपणारा नाही. साच्यांची वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याजोगी करण्यासाठी इथले उद्योजक एकत्र येऊ शकले, तसेच यासाठीही त्यांना येता येईल. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आणि इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेनच्या कोल्हापूर शाखेने ॲल्युमिनियमचे सामायिक केंद्र हा विषय या वर्षीच हाती घ्यावा. ऑर्डर कमी होईपर्यंत थांबलो तर यंत्रासाठी कर्ज द्यायलाही कोणी तयार होणार नाही.